मर्टलमावशींचा मान आणि हॉलची दोन दारं

देवाच्या कृपेने माझ्या हातून आजवर एकही कार्यक्रम बिघडलेला नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व करायचा नाही, हे माझं व्रतच आहे. पण खरं ते खरं! ईस्टरची प्रार्थना असो, बारसं असो, की फुटबॉलच्या पोरांचं जेवण असो, आमच्या गावात एकच वाक्य ऐकू येतं, "नोरीनला सांगा, म्हणजे झालंच समजा."

माझी व्रतं तशी साधी आहेत. पहाटे कोरड्या नदीच्या पात्रात बसून प्रार्थना. शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत पोटात चहाखेरीज काही नाही. खोटं बोलायचं नाही. आणि आवाज चढवायचा नाही. हे शेवटचं व्रत मी इतकं मनापासून पाळते की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा मला बघून भुंकत नाहीत, कुजबुजतात! माझे यजमान (गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत, म्हणून घेत नाही) नेहमी म्हणायचे, "तू हाक मारलीस की माणसाला वाटतं, आपल्याला भास झाला."

तर यंदाच्या जुलैत, आमच्या लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मानाच्या नाइडॉक आठवड्यात, गावातल्या ज्येष्ठांच्या सत्काराचं जेवण करायचं ठरलं. अगदी रीतसर! पांढरे टेबलक्लॉथ, खुर्च्यांना फिती, शहरातून सरकारी पाहुणा. समिती बसली आणि मी हळूच म्हटलं, "यंदा मर्टलमावशी."

सगळे हसले.

"त्या येतात होय? मागच्या वेळी मी विचारायला गेलो, तर माझ्या हातात कुऱ्हाड देऊन लाकडं फोडून घेतली!"

"मला तर म्हणाल्या, सत्कार मेल्यावर करा, तेव्हा मला पळता येणार नाही."

मर्टलमावशी म्हणजे कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. अर्ध्या गावाला झाडाखाली बसवून आपल्या भाषेतली अक्षरं त्यांनी शिकवली. उरलेल्या अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापली. दवाखाना नव्हता तेव्हा दवाखाना त्याच होत्या. आणि आजवर त्यांना कुणी साधं "बरं केलंत मावशी" म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हणायला गेलं की त्या कामाला लावायच्या. त्यामुळे कुणी जायचंच नाही.

मी गेले. रोज गेले. त्यांच्या फाटकाशी उभी राहून हळूच विचारायची, "मावशी, याल का?" शेवटी त्याच कंटाळल्या.

"येते बाई! पण ऐक. फोटो नको. लांबण नको. कांगारूची शेपटी करपलेली नको. आणि एकदाच येईन. घोळ घातलात तर पुन्हा माझ्या फाटकाला हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही!"

"घोळ होणारच नाही मावशी," मी म्हटलं. प्रभू मला क्षमा करो. तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती. आमच्या गावात माइक हातात घेऊन चार शब्द धड बोलणारा माणूस एकच, लिंडसे. फुटबॉलचे सामने तोच सांगतो, लिलाव तोच पुकारतो, हरवलेल्या शेळ्याही तोच जाहीर करतो. आणि लिंडसे मर्टलमावशींचा जावई! त्यांची मुलगी शेरिल, तिचा नवरा.

आता सासू आणि जावई म्हटल्यावर आमच्यात पुढचं बोलावं लागत नाही. जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव ओठांवर आणायचं नाही, तिच्यासमोर यायचं नाही. तिनेही तसंच. भांडण म्हणून नव्हे हो! मान म्हणून. जितका मान जास्त, तितकं अंतर जास्त. आणि या दोघांचा एकमेकांबद्दलचा मान इतका की काही विचारू नका! मावशी दुकानात पुढून शिरल्या की लिंडसे मागून, मासळीच्या फ्रीजरला वळसा घालून बाहेर. रस्त्यात त्या दिसल्या की त्याची गाडी सरळ काटेरी गवतात. दर आठवड्याला तो त्यांच्या कुंपणाबाहेर सरपण टाकून जातो. संध्याकाळी कुंपणाच्या खांबावर झाकलेली ताटली असते. ताटली कुणाची, कुणासाठी, हे खांबालाच माहीत.

समितीतले म्हणाले, "दुसरा कुणीतरी बघू."

पण आदल्याच दिवशी लिंडसे माझ्या फाटकाशी आला होता. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी.

"नोरीनताई, बाकीच्यांचं मी बोलतो. त्यांची वेळ आली की मी बाहेर जाईन. पण मला तिथं राहू दे."

"त्यांची म्हणजे..."

"त्यांची," तो जमिनीकडे बघत म्हणाला आणि त्याने घोंगडी उघडली. आत लाकडी परात होती. आमच्या आज्या जिच्यात बी वेचायच्या आणि तान्ही बाळं निजवायच्या, तसली. एका अखंड लाकडातून कोरलेली, कडा इतकी गुळगुळीत की बोट फिरवलं तर बोटालाच लाज वाटावी. "ही द्या. कुणी केली ते सांगायची गरज नाही."

मग मी त्याला नाही कशी म्हणणार? मी समितीला सांगितलं, "लिंडसेच राहील. हॉलला दारं दोन आहेत. देवाने दोन दारं उगाच दिली नसतील."

आणि मी योजना आखली! चर्चच्या फळ्यावर खडूने काढूनसुद्धा दाखवली. हॉलचं पुढचं दार रस्त्यावर उघडतं. मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात. पूर्वार्धात लिंडसे हॉलमध्ये बोलेल. तोवर मर्टलमावशी शेरिलच्या गाडीत, रस्त्यापलीकडे चर्चच्या आडोशाला बसतील. बाकीच्यांचे सत्कार झाले की मी चर्चची हातातली पितळी घंटा वाजवीन. घंटा ऐकली की लिंडसे स्वयंपाकघरातून मागे बाहेर. घंटा ऐकली की शेरिल आईला घेऊन पुढून आत. त्यांच्या सत्काराचं मी बोलणार. हळू, पण माइकवर. एक बाहेर, एक आत. चूक व्हायला जागाच नाही!

"आणि मध्येच काही झालं तर?" कुणीतरी विचारलं.

"काय होणार?" मी हसून म्हटलं.

नेमका शुक्रवार होता. पहाटेची प्रार्थना झाली, चहा झाला आणि मी हॉलवर पोचले तर मागच्या अंगणात निखाऱ्यांत कांगारूच्या शेपट्या पुरायचं काम चाललेलं. तो वास! उपाशी पोटी तो वास म्हणजे परीक्षाच. आमच्या बायकांनी माझ्यासाठी एक शेपटी फॉइलमध्ये गुंडाळून खिडकीत ठेवली. "सूर्य मावळला की घे गं, नोरीन." मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दिवसभर तिच्याकडेच बघत राहिले.

पाहुणे आले. मिस्टर व्हिटकोम. दक्षिणेकडच्या शहरातून, कुठल्याशा खात्याचे, नवेकोरे. टाय इतका आवळलेला की चेहरा बीटरूटसारखा झालेला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मी तुमच्या संस्कृतीचा कोर्स केला आहे!"

"हो का! किती छान."

"दोन दिवसांचा."

मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. टेबलावर पाण्याचा जग होता, त्याच्या शेजारी मी माझी घंटा ठेवली. आता कळतं, तिथेच सगळं फसलं.

सुरुवात आल्बीकाकांनी करायची होती. आमची भूमी त्यांच्या वाडवडलांची, तेव्हा पाहुण्यांचं स्वागत त्यांनीच करायचं, हा रिवाज. मी त्यांना विनवून ठेवलं होतं, "काका, थोडक्यात हं."

"थोडक्यातच," काका म्हणाले आणि त्यांनी पूर्वेकडच्या पहिल्या टेकडीपासून सुरुवात केली. आमच्याकडे टेकड्या पुष्कळ आहेत! प्रत्येक टेकडीवर त्यांचं कुणीतरी राहिलेलं, कुणीतरी घसरलेलं, कुणाचा तरी घोडा पळालेला. ज्येष्ठांना मध्येच थांबवायचं नाही, हाही रिवाजच. चहा गार झाला, पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला. शेवटी काका पश्चिमेच्या टेकडीवरून खाली उतरले, खुर्चीत बसले आणि क्षणात झोपले.

मग लिंडसेने माइक घेतला आणि सभा जिवंत केली. एकेका ज्येष्ठाला असं काही चिमटे काढत बोलावलं की म्हातारे हसून हसून पुढे येईनात. सगळं माझ्या फळ्याबरहुकूम चाललं होतं. मी मनात म्हटलं, प्रभू, तुझे आभार.

तेवढ्यात पुढच्या दारातून शेरिल आत आली. एकटी! धापा टाकत.

"ताई, आई गाडीत नाही."

"नाही म्हणजे?"

"बसून बसून कंटाळली. मग म्हणाली, शेपटी करपल्याचा वास येतोय, या पोरींना निखारे कळत नाहीत. मी गाडीची किल्ली काढेपर्यंत गेलीसुद्धा!"

"कुठे गेली?"

"कुठे जाणार? स्वयंपाकघरात! मागच्या दाराने."

मागचं दार लिंडसेचं होतं! पण म्हटलं, घाबरायचं कारण नाही. घंटा माझ्या ताब्यात आहे. मी वाजवल्याशिवाय तो हलणार नाही. आधी शेरिल आईला बाहेर काढेल, मग मी...

टण् टण् टण् टण्!

मी मागे वळून बघितलं. मिस्टर व्हिटकोम उभे राहून माझी घंटा वाजवत होते! सत्कार संपले तशी माणसं बोलायला लागली होती, आणि साहेबांना वाटलं, घंटा सभा शांत करायला ठेवलीय.

लिंडसे आज्ञाधारक माणूस. घंटा वाजली, तो माइक हातात तसाच धरून, त्याची लांबलचक वायर ओढत, निघाला स्वयंपाकघराकडे!

"लिंडसे, थांब," मी ओरडले. म्हणजे माझ्या मते ओरडले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा ते ऐकू गेलं नाही. मी खुर्च्यांमधून वाट काढत धावले आणि त्याच्या शर्टाचं टोक पकडलं, पण तोवर त्याचा एक पाय स्वयंपाकघरात पडला होता.

आत एकच धांदल! "अगं, तो आला, तो आला! आडवं धरा काहीतरी!" आमच्या बायका चपळ हो! दोघींनी टेबलक्लॉथ ताणून धरला. लिंडसेला त्याच्याखाली फक्त पावलं दिसली. निळे कापडी बूट. ते बूट दर हिवाळ्यात तोच शेरिलच्या हातून पाठवतो. त्याने डोळे गच्च मिटले, भिंतीकडे तोंड केलं आणि भिंत चाचपत चाचपत हॉलमध्ये परत आला.

"कोण आलं होतं गं?" टेबलक्लॉथमागून मावशींचा आवाज.

"कुणी नाही मावशी. कुणीतरी."

"कुणीतरी होय? मग मी इथं कशाला उभी? त्याला वाट द्यायला नको का!" आणि मर्टलमावशी मान राखायला मागच्या दाराने बाहेर पडून, इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाल्या!

इकडे लिंडसेनेही तोच विचार केला. स्वयंपाकघर त्यांना मोकळं करून द्यावं, आपण पुढून जावं. तोही निघाला पुढच्या दाराकडे!

दोघंही एकमेकांचा मान राखायला पळत होते आणि नेमके एकमेकांच्याच अंगावर जात होते. भांडण असतं तर एव्हाना एक जण घरी तरी गेला असता!

लिंडसेने पुढचं दार उघडलं आणि समोर बिस्किट दिसलं. बिस्किट म्हणजे मावशींचं कुत्रं. तांबूस, कान फाटलेलं, कायम त्यांच्या दोन पावलं पुढे चालणारं. बिस्किट म्हणजे मावशींचा भोंगाच समजा. लिंडसे जागच्या जागी गर्रकन फिरला. मागे मी. माझ्या मागे शेरिल. आणि आता जायला जागा एकच, रंगमंच. तिथे जुन्या सिनेमा थिएटरातून आणलेला लाल पडदा आहे, घोंगडीसारखा जाड. तो त्याच्या मागे गडप झाला. बिस्किटही शेपूट हलवत त्याच्या मागोमाग पडद्याखालून आत! त्याला लिंडसे सरपणाबरोबर हाडं आणून देतो ना.

आणि मर्टलमावशी दारात उभ्या राहिल्या.

अख्खा हॉल एका दमात उठला. कुणी कुणाला सांगितलं नाही. पडदा अजून हलत होता आणि पडद्याखाली लिंडसेचे बूट दिसत होते. माणसं रंगमंच आणि दार यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी राहिली, म्हणजे मावशींना नको ते दिसू नये. लुळ्या पायाचे म्हातारेसुद्धा काठी टेकून उभे! हा आमचा शिष्टाचार. मिस्टर व्हिटकोमना वाटलं, सगळे मावशींच्या मानार्थ उठले. त्यांनी उठून जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"हे कोण?" मावशींनी मला विचारलं.

"सरकारी पाहुणे."

"त्याला सांग, मी अजून काही केलेलं नाही."

मी मावशींना पुढच्या रांगेत आणून बसवलं. कुणीतरी बूट झाकायला पडद्याच्या तळाशी उशा टाकल्या. माणसं खाली बसली. मावशी इकडे, लिंडसे पलीकडे, मध्ये घोंगडीएवढा पडदा. बरं चाललंय, मी मनात म्हटलं. फक्त माइक तेवढा त्याच्याकडे राहिलाय. काही हरकत नाही, मी माइकशिवाय बोलेन.

मी परात उचलली. तोंड उघडलं.

"आऽऽऽक् छी!!"

माझी नव्हे! पडद्याला थिएटर बंद पडल्यापासूनची धूळ होती, आणि लिंडसेच्या हातातला माइक चालू होता. ती शिंक छताचे पत्रे हलवून गेली. आल्बीकाका झोपेतच "आमेन" म्हणाले.

मिस्टर व्हिटकोमचे डोळे चमकले. ते माझ्याकडे सरकले. "तो निवेदक पडद्यामागे लपलाय का?"

खोटं बोलायचं नाही, हे माझं व्रत! "हो," मी म्हटलं.

"या बाईंमुळे?"

"हो. या त्याच्या सासूबाई आहेत."

"अरेरे!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "म्हणजे दोघांचं बोलणं नाही?"

"नाही. पण त्याला कारण..."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. अहो पण तो मान असतो, साहेब. फार मान आहे त्याला त्यांच्याबद्दल."

"असंच म्हणतात सगळे," ते कळवळून म्हणाले. "कोर्समध्ये आम्हाला शिकवलंय, मौनाखाली जखम असते. आज जखमा भरून काढायचा दिवस आहे!"

आणि मी त्यांची बाही धरायच्या आत ते रंगमंचावर चढले! "मित्रहो!" ते म्हणाले, "आज एक आई आणि तिचा जावई, आपल्या सर्वांसमोर, एकमेकांचा हात हातात घेतील!"

एका आजीबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मावशी ताडकन उठल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. सगळ्या गावासमोर आपल्याला असं उघडं पाडणार, ही लाज! पडद्यामागे लिंडसेला पळायला भिंतच. आणि मिस्टर व्हिटकोमनी पडद्याची दोरी धरली.

मावशी दाराकडे वळल्या. त्या गेल्या असत्या तर कायमच्याच गेल्या असत्या.

प्रभू, तूच साक्षी आहेस. मला काही ठरवायला वेळ मिळाला नाही.

"दोरी सोऽऽऽड!!!"

तो माझा आवाज होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा आपोआप वाजायला लागला. मैदानावर खेळणारी पोरं पंचाने शिट्टी मारली समजून थांबली. आणि मिस्टर व्हिटकोमनी दोरी अशी सोडली, जणू ती सापाची शेपटी होती. ते रंगमंचावरून उतरले, खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मावशी, बसा," मी म्हणायला गेले. घशातून नुसती हवा आली. आवाज गेला! इतक्या वर्षांचा साठवलेला आवाज एका दमात खर्च झाला होता.

आता काय करायचं? मावशी अर्ध्या वळलेल्या उभ्या. माझ्या हातात परात, तोंडात शब्द नाही. आणि आल्बीकाका, जे एवढा वेळ झोपले होते, त्यांनी डोळे उघडले.

"काय झालं? शेपटी वाढली का?"

शेरिलने त्यांच्या कानात सगळं सांगितलं. काकांनी पडद्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, हनुवटी खाजवली.

"पडद्यामागे त्याच्याबरोबर कोण आहे?"

"बिस्किट."

"मग तो त्या कुत्र्याशी बोलेल," काका म्हणाले. "कुत्र्याशी बोलायला कुठे बंदी आहे?" आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मर्टलमावशींनी काकांकडे बघितलं. मग त्या हळूच खाली बसल्या, खुर्ची मात्र फिरवून, पडद्याकडे पाठ करून. पडद्यामागे लाकडी फळ्या करकरल्या. म्हणजे लिंडसेही पाठ फिरवून बसला असणार. माइक खरखरला.

"बिस्किट," लिंडसे म्हणाला, "इकडे ये. तुला एक सांगायचंय."

कुणी हसलं नाही.

"बिस्किट, एक माणूस होता. या गावात आला तेव्हा त्याच्याकडे एक शर्ट आणि फुटबॉलचे बूट होते. बस्स. तर त्या माणसाला रोज संध्याकाळी कुंपणाच्या खांबावर एक ताटली मिळायची. ती कोण ठेवायचं ते त्याने कधी बघितलं नाही. बघायचं नसतं. पण ती कधी गार नसायची, बिस्किट. एकदाही नाही."

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मग एकदा नदीला पूर आला. तो माणूस आणि त्याची पोटुशी बायको पलीकडे अडकले. दवाखान्याची गाडी येईना. तेव्हा कुणीतरी पूर पार करून गेलं. कसं गेलं, देव जाणे. तो माणूस एका झाडामागे बसला होता, पाठ करून. समोर यायचं नसतं ना. तो नुसता ऐकत होता. आधी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाळ रडलं. आणि मग कुणीतरी त्या झाडाला सांगितलं, 'झाडा, मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत.'"

माइकवर थोडा वेळ फक्त बिस्किटच्या धापांचा आवाज.

"त्या माणसाला तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं, बिस्किट. तो झाडाला म्हणालासुद्धा. पण झाड जागचं हलत नाही. तू चालतोस. तेव्हा तू जा आणि सांग."

आणि खरंच सांगते, पडद्याखालून बिस्किट बाहेर आलं! उशांवरून उडी मारून, सरळ मावशींपाशी जाऊन त्यांच्या निळ्या बुटांवर बसलं. शेरिल रडत होती. मी रडत होते. मिस्टर व्हिटकोम टायने डोळे पुसत होते.

मी परात मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली. कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कुणी कोरली ते त्यांना कळलं, हे मला कळलं.

"बिस्किट," त्या मोठ्याने म्हणाल्या. हॉल पुढे झुकला. "कुणाला तरी सांग, निरोप पोचला."

त्यांनी परात पुन्हा उलटी केली.

"आणि हेही सांग. ही परात बरोबर मापाची कापलीय. म्हणजे मापाने कापता येतं तर! मग इतकी वर्षं सरपण का लांब आणतं ते कुणीतरी? माझ्या चुलीचं तोंड एवढंसं आहे. प्रत्येक लाकूड मला पुन्हा तोडावं लागतं!"

हॉलमध्ये हशा फुटला! म्हातारे खुर्चीवरून घसरायच्या बेतात. हसणं ओसरल्यावर माइकवर अगदी बारीक आवाज आला, "बिस्किट, सांग की कुणीतरी उद्यापासून आखूड तोडेल."

मग मावशी उठल्या, परात काखेत घेऊन ताठ मानेने पुढच्या दाराने शेरिलच्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांची जेवणाची ताटली गाडीतच गेली. त्या गेल्यावर लिंडसे बाहेर आला, केस धुळीने पांढरे झालेले, आणि मागच्या दाराने गेला. एक पुढून, एक मागून. बघा, माझी योजना शेवटी पार पडलीच की!

जाताना मावशींनी गाडीची काच खाली करून मला बोलावलं. मी गेले.

"घोळ घातलास."

मी मान खाली घातली.

"पुढच्या वर्षी पण येईन," त्या म्हणाल्या. "पण निवेदन तू कर. तुझा आवाज चांगला आहे. एवढी वर्षं कुठे लपवला होतास?"

मिस्टर व्हिटकोमनी निघताना माझा हात पुन्हा हातात घेतला. ते फार नम्र झाले होते. बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "मला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या समारंभाला जायचंय. तिथे कुत्रा त्यांचा असतो, की आपण न्यायचा?" मला उत्तर द्यायचं होतं, पण घसा! मी नुसती हसले.

व्रत मोडलं ते मोडलंच. मी पाद्रीसाहेबांकडे गेले, पाटीवर खडूने लिहून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "नोरीनबाई, तुमची किंकाळी मला इथे वेदीपाशी ऐकू आली. ज्याला ऐकायची त्याने ऐकली असेल. आता चर्च झाडून घ्या आणि घरी जाऊन जेवा."

मी चर्च झाडलं. हॉल आवरला, टेबलक्लॉथ घडी केले, फिती सोडल्या. तोवर सूर्य लाल मातीला टेकला आणि मावळला. उपास सुटला! दिवसभर जिच्याकडे बघितलं नाही म्हणत बघितलं, ती शेपटी घ्यायला मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेले.

खिडकीत रिकामं फॉइल होतं. आणि खिडकीखाली, शेवटचं हाड दोन पंजांत धरून, तांबूस, कान फाटलेलं बिस्किट बसलं होतं. शेरिल मावशींना गाडीतून घेऊन गेली तेव्हा ते मागे राहिलं होतं, आणि आपलं दिवसभराचं मानधन स्वतःच वसूल करत होतं.

मी तोंड उघडलं. यावेळी व्रताचा विचारसुद्धा मनात आला नाही. पूर्ण ताकदीने ओरडायचं ठरवलं होतं हो!

पण घशातून नुसती हवा आली. बिस्किटने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि सवयीप्रमाणे ते माझ्यावर भुंकलं नाही, फक्त कुजबुजलं.